सुट्टे नाहीत म्हणून हातावर ठेवलेली ती गोळी खरंच औषध असते का?

मेडिकलमध्ये बिल होतं ४८ रुपये. आपण पन्नासची नोट देतो. काउंटरवरचा माणूस गल्ल्यात बोटं फिरवतो, ‘सुट्टे नाहीत’ म्हणतो आणि बरणीतून दोन गोळ्या काढून आपल्या हातावर ठेवतो. यूपीआय आल्यापासून हा प्रकार कमी झालाय, पण एक पिढी अशी आहे जिने घसा न दुखतासुद्धा आयुष्यात शेकडो खोकल्याच्या गोळ्या खाल्ल्या आहेत. कारण काय, तर सुट्टे पैसे नव्हते!

आता गंमत बघा. त्याच दुकानदाराने दोन रुपयांच्या बदल्यात पॅरासिटामॉलची गोळी दिली असती, तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. पण घशाची गोळी आपण मुकाट्याने घेतो, सोलतो आणि सोबतच्या पोराच्या तोंडात टाकतो. गोड असते, रंगीत असते, वेष्टनात असते, म्हणजे चॉकलेटच की.

मग ही गोळी नेमकी आहे काय? औषध की चॉकलेट? आणि औषध असेल, तर ती इतर गोळ्यांसारखी पाण्याबरोबर गिळायची का नाही?

आधी नावाकडे बघू. इंग्रजीत या गोळीला लॉझेंज म्हणतात. लॉझेंज म्हणजे भूमितीतला समभुज चौकोन, आपल्या भाषेत सांगायचं तर शंकरपाळ्याचा आकार. पूर्वी साखर, डिंक आणि औषध एकत्र मळून, लाटून ते शंकरपाळ्यासारखं कापायचे, तिथून हे नाव चिकटलं. पुढे गोळी गोल झाली तरी नाव तेच राहिलं.

आजची कडक गोळी मात्र लाटून होत नाही. साखर आणि ग्लुकोज सिरप साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतात. त्यातलं जवळपास सगळं पाणी उडून जातं. मग तो पाक थोडा निवला की त्यात औषध, वास आणि रंग मिसळून साच्यात घालतात. थंड झाल्यावर जे तयार होतं ते एक प्रकारची काचच असते, साखरेची. म्हणून ती चकाकते, म्हणून ती कडक असते, आणि म्हणूनच ती तोंडात सावकाश विरघळते.

हे सावकाश विरघळणंच सगळ्यात महत्त्वाचं आहे. गिळलेली गोळी घशातून सेकंदाभरात खाली जाते. ती पोटात फुटते, आतड्यातून रक्तात जाते आणि मग रक्तातून फिरत फिरत घशापर्यंत पोचते. चघळलेली गोळी पाच-दहा मिनिटं तोंडात राहते. प्रत्येक घोटाबरोबर लाळेत मिसळलेलं थोडं थोडं औषध थेट दुखऱ्या जागेवरून वाहत जातं. म्हणजे लेप लावल्यासारखंच, फक्त आतून. ती कडाकड चावून टाकली, तर सगळं औषध दोन घोटांत पोटात जातं आणि घशाच्या वाट्याला काहीच उरत नाही. आपल्याकडे यासाठी ‘चघळणे’ हा इतका नेमका शब्द आहे, पण आपण विषय चघळतो आणि गोळी चावतो.

गार वाटतं, पण गार होत नाही

पुदिन्याची गोळी तोंडात टाकली की घसा एकदम थंडगार होतो. निदान आपल्याला तरी तसं वाटतं. थर्मामीटर लावला तर तापमान होतं तेवढंच असतं.

ही करामत मेंथॉलची. पुदिन्याच्या तेलातून निघणारा हा पांढरा, स्फटिकासारखा पदार्थ. नैसर्गिक मेंथॉलच्या उत्पादनात भारत जगात सगळ्यात पुढे आहे आणि उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या आसपास त्यासाठी पुदिन्याची मोठी शेती होते. आपल्या तोंडातल्या आणि घशातल्या नसांवर थंडी ओळखणारी काही दारं असतात. हवा गार झाली की ती उघडतात आणि मेंदूला ‘गार आहे’ असा निरोप जातो. मेंथॉल हीच दारं गारव्याशिवाय उघडतं. मेंदूला काय, निरोप आला की तो विश्वास ठेवतो.

हे दार कुठलं, हे २००२ मध्ये सापडलं. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या दोन शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मेंथॉल वापरूनच ते शोधलं. तापमान आणि स्पर्श शरीराला कसे कळतात यावरच्या कामासाठी दोघांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. (मिरचीने तोंड का भाजतं याचं उत्तरही याच कामात आहे.)

नाकाचंही तसंच. सर्दीत मेंथॉलची गोळी चघळली की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. प्रयोगशाळेत नाकातून जाणारी हवा मोजली, तर ती होती तेवढीच असते. फक्त आत जाणारी हवा गार लागते, म्हणून श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. आता भास असला तरी रात्री दोन वाजता नाक चोंदलेल्या माणसाला तोसुद्धा हवाच असतो, त्यामुळे मेंथॉलला फसवं म्हणायचं कारण नाही. पण ते सर्दी बरी करत नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

खोकल्यावर या गोळ्यांचा जो उपयोग होतो, त्यात मोठा वाटा चक्क लाळेचा असतो. गोड आणि आंबट चव लागली की लाळ सुटते, आपण पुन्हा पुन्हा घोट गिळतो, कोरडा पडलेला घसा ओला राहतो आणि ढास लागणं थोडं कमी होतं. साधी खडीसाखर चघळूनसुद्धा बरं वाटतं ते यामुळेच. मुंबईच्या लोकलमध्ये आणि एसटी स्टँडवर मिळणारी आलेपाकाची वडी काय, गवयाच्या गालात ठेवलेलं ज्येष्ठमध काय, किंवा वैद्यांकडची खदिरादि वटी काय, सगळ्यांची पद्धत तीच: तोंडात धरा आणि रस हळूहळू घशातून उतरू द्या. यातली खदिरादि वटी खैरापासून बनते. विड्यातला कात येतो तोच खैर.

वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरं

मेडिकलच्या बरणीत सगळ्या गोळ्या शेजारी शेजारी असल्या, तरी त्या एका जातीच्या नसतात.

पहिली जात पुदिना-निलगिरीवाली. खोकल्याची गोळी म्हटल्यावर आपल्याला जी आठवते ती विक्सची गोळी भारतात आयुर्वेदिक औषध म्हणून विकली जाते, हे अनेकांना वेष्टन वाचल्यावरच कळतं. मूळची कंपनी अमेरिकन, पण पुदिन्याचं सत्त्व आपल्या आयुर्वेदाच्या चौकटीत बसतं. याचा एक व्यावहारिक परिणाम असा की आपल्या कायद्यात आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. म्हणूनच ही गोळी पानटपरीवर, किराणा दुकानात, टोलनाक्यावर सगळीकडे दिसते.

दुसरी जात जंतुनाशक गोळ्यांची. स्ट्रेप्सिल्स हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. तिच्यात १.२ मिलिग्रॅम डायक्लोरोबेंझिल अल्कोहोल आणि ०.६ मिलिग्रॅम अमाइलमेटाक्रेसॉल असतं. नावं तोंड वाकडं करणारी आहेत, पण काम सोपं आहे. तोंडातले काही जंतू मारायचे आणि घशाच्या नसा थोड्या बधिर करायच्या. यातलं बधिर करण्याचं काम आपल्याला जाणवतं, तासा-दोन तासांसाठी दुखणं थोडं कमी होतं. पण घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि ती आठवड्याभरात आपोआप जाते. गोळीने तो आठवडा पाच दिवसांचा होत नाही.

तिसरी जात बघा, कारण इथे गफलत होते. काही गोळ्यांमध्ये फ्लुर्बिप्रोफेन असतं, ८.७५ मिलिग्रॅम. हे आयबुप्रोफेनच्या कुळातलं वेदनाशामक. दिसायला ही गोळी तशीच गोड आणि तशीच रंगीत, पण २४ तासांत पाचपेक्षा जास्त घ्यायची नाही आणि तीन दिवसांपेक्षा जास्त चालू ठेवायची नाही. पोटात अल्सर असलेले, ॲस्पिरिनने दम लागणारे आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत असलेल्या बायका यांनी तर हिच्या वाटेला जाऊच नये. आणि हीच गोळी जर कुणी मिंटची म्हणून दिवसभर चघळत बसलं, तर?

बेंझोकेन नावाचा बधिर करणारा पदार्थही काही गोळ्यांत असतो. त्यामुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद घटते, ओठ आणि नखं निळसर पडतात, दम लागतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बेंझोकेनबद्दल कडक इशारा दिला आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या हिरड्यांना ते लावू नका असं बजावलं.

गोड गोळीत जहाल औषध ही काही आजची गोष्ट नाही. १८६५ मध्ये इंग्लंडच्या फ्लीटवूड बंदरातल्या जेम्स लॉफ्टहाउस या औषधविक्रेत्याने कोळ्यांसाठी मेंथॉल आणि निलगिरीचं जालीम द्रावण बनवलं. समुद्रात बोट हलायची, बाटल्या फुटायच्या, म्हणून मग त्याची गोळी झाली. ‘फिशरमन्स फ्रेंड’ नावाने ती आजही मिळते. अमेरिकेत स्मिथ बंधूंनी १८७२ पासून आपल्या खोकल्याच्या गोळ्या पाकिटात भरून विकायला सुरुवात केली. नकली मालाला कंटाळून पाकिटावर दोघा दाढीवाल्या भावांची चित्रं छापली. ही बिचारी निरुपद्रवी मंडळी.

पण त्याच काळात घशाच्या गोळ्यांमध्ये कोकेनसुद्धा असायचं, आणि ते कायदेशीर होतं! घसा बधिर करायला कोकेन उत्तमच. गायकांना आणि वक्त्यांना अशा गोळ्या सुचवल्या जायच्या. १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्यावरचं नवं औषध बाजारात आणलं, त्याचं नाव हेरॉइन. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आल्यावर त्याच्याही चघळायच्या गोळ्या निघाल्या. मग लोकांची जीभ सोलवटायला आणि काळी पडायला लागली, पेनिसिलिनची ॲलर्जी व्हायला लागली, आणि तो नाद सोडून द्यावा लागला.

गोळीने बरं वाटतं, हीच कधी कधी अडचण

घसा दुखतोय, गोळी चघळली, बरं वाटलं, कामाला लागलो. बहुतेक वेळा यात काहीच चूक नाही. पण काही आजार असे आहेत, जे या ‘बरं वाटलं’च्या आड लपतात.

शाळेत जाणाऱ्या मुलांमधली घसादुखी घ्या. पाच ते पंधरा या वयात स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे घसा धरतो. ताप येतो, गिळताना कळ येते, गळ्याच्या गाठी सुजतात, आणि खोकला-सर्दी मात्र सहसा नसते. यावर डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक पूर्ण घ्यावं लागतं. ते न घेता नुसत्या गोळ्या चघळल्या, तर घसा काही दिवसांत बरा होतोही. पण काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे दुखायला लागतात, पुन्हा ताप येतो आणि शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं. याला संधिवाताचा ताप म्हणतात. झडप एकदा खराब झाली की आयुष्यभराचं दुखणं आणि कधी कधी ऑपरेशन. भारतात हा आजार अजून संपलेला नाही. चघळायच्या गोळीतलं जंतुनाशक घशाच्या पृष्ठभागापुरतं असतं, टॉन्सिलच्या आत बसलेल्या जिवाणूंपर्यंत ते पोचत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत दोन आकडे ध्यानात ठेवा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर थुंकीची तपासणी करायची, कारण तो क्षयरोग असू शकतो. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. तंबाखू, मिसरी, विडी यातलं काही चालू असेल तर त्याच्याही आधी. खिशात गोळ्यांची पट्टी ठेवून महिना-महिना काढणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची असतात.

त्यात या गोळ्यांचा अतिरेकही काही चांगला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये खोकल्याच्या रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा मेंथॉलच्या गोळ्या जास्त घेणाऱ्यांचा खोकला जास्त तीव्र असल्याचं दिसलं. यावरून गोळीनेच खोकला वाढतो असं लगेच म्हणता येणार नाही, ज्याला जास्त खोकला तो जास्त गोळ्या घेणारच. पण ढीगभर गोळ्या खाऊन खोकला थांबत नसेल, तर अजून ढीगभर खाऊन थांबेल असं समजायला काही आधार नाही.

साखरेचा हिशेबही करून बघा. एका गोळीत साधारण दोन ते अडीच ग्रॅम साखर असते. दिवसाला दहा गोळ्या म्हणजे पाच-सहा चमचे साखर, तीही दातांना चिकटून. मधुमेह असलेल्यांनी बिनसाखरेच्या घ्याव्यात, मात्र त्यात आयसोमाल्ट किंवा सॉर्बिटॉल असतं आणि ते जास्त झालं की पोट बिघडतं. ज्येष्ठमध नैसर्गिक म्हणून कितीही चालतं, असंही नाही. रोज भरपूर चघळलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं.

पोराच्या तोंडात टाकण्याआधी

चार वर्षांच्या आतल्या मुलांना कुठलीही कडक गोळी देऊ नये. औषधी असो की साधी. लहान मुलाची श्वासनलिका अरुंद असते आणि ओली, गुळगुळीत, गोल गोळी तिच्यात बुचासारखी बसते. जंतुनाशक गोळ्या तर सहा वर्षांनंतरच. गोळी तोंडात असताना पळणं, हसणं-खिदळणं, झोपून राहणं नको. हा शेवटचा नियम मोठ्यांनाही लागू आहे, विशेषतः अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होणाऱ्या आजी-आजोबांना.

लहानग्याला खोकल्यावर काहीतरी द्यायचंच असेल, तर एक वर्षानंतर चमचाभर मध चालतो. एक वर्षाच्या आत मात्र मधाचं बोटसुद्धा नको, भले घरात बाळाला मध चाटवायची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत असो. मधात बोटुलिझमचे जिवाणू सुप्त अवस्थेत असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते जागे होतात.

घशासाठी नसलेल्या गोळ्या

तोंडात विरघळणारी प्रत्येक गोळी घशासाठी नसते. तोंडाचं अस्तर पातळ असतं आणि त्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं. काही औषधं गिळली की आतड्यातून आधी यकृतात जातात आणि तिथेच त्यांचा बराचसा भाग नष्ट होतो. तोंडाच्या अस्तरातून शोषली गेली, तर ती यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरतात. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी याच कारणाने जिभेखाली ठेवतात.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९८ मध्ये तिथे कॅन्सरच्या रुग्णांसाठी फेंटानिलची गोळी मंजूर झाली. फेंटानिल म्हणजे मॉर्फिनपेक्षा कितीतरी पटींनी जहाल वेदनाशामक. ही गोळी काडीवर बसवलेली होती, गालाच्या आतून फिरवायची. दिसायला हुबेहूब लॉलीपॉप! अचानक उसळणाऱ्या वेदनेत ती मिनिटांत आराम द्यायची, पण तीच एखाद्या लहान मुलाच्या हाती लागली तर जीव घेऊ शकते. म्हणून ती कुलपात ठेवायच्या सूचना रुग्णांना दिल्या जायच्या.

आपल्या जास्त कामाची आहे ती निकोटिनची गोळी. तंबाखू चघळायची सवय सोडवायला चघळायचीच गोळी! ही २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येते. कुठली घ्यायची याचा ठोकताळा असा: सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू किंवा सिगारेट लागत असेल तर ४, त्यानंतर लागत असेल तर २. बरेच लोक ‘मी घेऊन बघितली, काही उपयोग नाही’ म्हणतात, आणि विचारलं तर कळतं की गोळी चावून गिळली होती. गिळलेलं निकोटिन यकृतात नष्ट होतं आणि पदरात पडतं काय, तर उचक्या आणि जळजळ. ती गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, अधूनमधून बाजू बदलायची, विरघळायला वीस-तीस मिनिटं द्यायची. त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, काही नको, कारण तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलं जात नाही.

पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी, आणि बाराव्या आठवड्यानंतर गोळीही बंद. हृदयविकार असेल किंवा गरोदर असाल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. एकट्याने जमत नसेल, तर तंबाखू सोडवण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो: १८००-११-२३५६.